वायरची हॅलयार्ड काढून दोर घालायचा, तर आधी शेंड्यावरची कप्पी बघा

शीड वर चढवणारा दोर म्हणजे हॅलयार्ड. त्याचं एक टोक शिडाच्या माथ्याला शॅकलने, म्हणजे धातूच्या कडीने, अडकवलेलं असतं. तिथून तो डोलकाठीच्या शेंड्यावरच्या कप्पीवरून वळतो, काठीच्या पोकळीतून खाली येतो आणि बुडाजवळच्या खाचेतून बाहेर पडून विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या दांड्याच्या चक्रावर, जातो. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बनलेल्या कॅटालिना, पियर्सन, वेस्टर्ली अशा २५ ते ३५ फुटी बोटींवर या दोराचा वरचा अर्धा भाग बहुधा दोर नसतोच. तिथे स्टेनलेस स्टीलची वायर असते आणि हातात धरायच्या भागापुरता दोर तिला जोडलेला असतो.

अशी जुनी बोट घेतली की वायर काढून टाकावीशी वाटते. काढावीच. मात्र दुकानातून मापाने दोर आणून तो वायरच्या जागी नुसता ओढून घेतला, तर तो एक-दोन हंगामांत कातरला जातो आणि खापर दोराच्या कंपनीवर फुटतं. दोष बहुतेक वेळा शेंड्यावर, डेकपासून दहा-अकरा मीटर उंचीवर असतो. तिथली कप्पी वायरसाठी बनवलेली असते.

वायर आली कशी

दोर ताणला की लांबतो. वाऱ्याचा झोत आला, हॅलयार्ड थोडी लांबली, की शिडाचा पुढचा काठ सैल पडतो, त्यावर आडव्या सुरकुत्या येतात आणि शिडाचं पोट मागे सरकतं. मग बोट पुढे जायच्या ऐवजी जास्त कलते. त्या काळात पॉलिएस्टर हाच हाताशी असलेला बरा दोर होता आणि त्याचं लांबणं शर्यतवाल्यांना परवडत नव्हतं. म्हणून वायर आली.

हिशेब करून पाहू. ३० फुटी बोट, कप्पी डेकपासून ११ मीटरवर, दोर डोलकाठीपासून ५ मीटर मागे, कॉकपिटजवळच्या (सुकाणूपाशी बसायच्या जागेजवळच्या) क्लचमध्ये, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या चापात. शीड पूर्ण चढल्यावर ताणाखाली राहते ती १६ मीटर लांबी. दुहेरी विणीचा साधा १० मिमी पॉलिएस्टर दोर साधारण २४०० किलोला तुटतो. त्यावरचा ताण २४० किलोवरून ४८० किलोवर गेला तर तो जवळपास एक टक्का आणखी लांबतो, म्हणजे १६ सेंटिमीटर. एवढं शीड खाली उतरलं तर सुरकुत्या डेकवरूनही दिसतात. डायनीमा या फार कमी लांबणाऱ्या कृत्रिम तंतूचा गाभा असलेला ८ मिमी दोर तेवढ्याच ताणवाढीला चार-पाच सेंटिमीटर लांबतो. डायनीमा बाजारात आल्यावर हॅलयार्डला वायर वापरायचं मुख्य कारणच उरलं नाही.

वायर सहसा ७ गुणिले १९ या घडणीची असते. सात पेड, प्रत्येक पेडात १९ तारा, एकूण १३३. बारीक तारा जास्त, म्हणून ती कप्पीवरून वळू शकते. पण वर्षानुवर्षं वळून वळून त्यातल्या एकेक तारा तुटतात आणि त्यांची टोकं कुसळांसारखी बाहेर येतात. ही कुसळं तळहातात शिरतात, शिडाचं कापड फाडतात आणि कप्पीच्या कडा खरवडतात. दुसरा धोका वायर आणि दोर यांच्या सांध्यात. हा सांधा हाताने विणावा लागतो, मिठाच्या पाण्यात तो आतून खराब होतो आणि बाहेरून ठणठणीत दिसतो. टोकाच्या फाशावर दाबून बसवलेली तांब्याची नळी असेल तर तिच्या तोंडाशी वायर गंजते. एकच तुटकी तार दिसली तरी त्या हॅलयार्डवर माणूस वर चढवू नये.

कप्पी

वायरची कप्पी ओळखायला सोपी. तिची खोबण अरुंद आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. ५ मिमी वायरसाठीची खोबण पाच-सहा मिलिमीटर रुंद. त्यात १० मिमी दोर घातला तर तो तळाला टेकतच नाही. दोन्ही कडांवर उभा राहतो, ताण आला की त्यांच्यामध्ये चेपला जातो आणि त्या कडा वायरने खरवडलेल्या असल्याने रोज थोडा कातरला जातो. दोराची खोबण अर्धगोल लागते, दोराच्या व्यासापेक्षा साधारण एक मिलिमीटर जास्त रुंद.

तपासायची सोपी रीत आहे. १० मिमी दोर घालायचा असेल तर १० मिमीच्या ड्रिलची गुळगुळीत दांडी खोबणीत आडवी ठेवा. ती तळाला टेकली आणि डगमगली नाही तर कप्पी चालेल. कडांवर अडकली तर बदलावी लागेल.

काही बोटींवर दोन्हींसाठी बनवलेली कप्पी सापडते. रुंद खोबण आणि तिच्या तळाला वायरसाठी एक बारीक चर. जाड दोर त्या चरावरून निवांत जातो, तेव्हा अशी कप्पी गुळगुळीत असेल तर राहू द्या. मात्र तिच्यावर पातळ डायनीमा घालू नका, तो त्या चरात रुतून बसतो.

कप्पी बदलायची तर चार मापं व्हर्नियरने घ्या: बाहेरचा व्यास, जाडी, पिनेचं भोक आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमधलं अंतर. चौथं माप घ्यायला लोक विसरतात. कप्पी आणि पत्रा यांच्यात मिलिमीटरहून जास्त फट राहिली तर सैल दोर उडी मारून त्या फटीत जातो आणि अडकतो. तेव्हा शीड वरही जात नाही, खालीही येत नाही आणि वारा वाढत असतो. वायरला ही फट चालून जायची कारण ती ताठ असते. मऊ दोराला चालत नाही.

तयार कप्पी न मिळाल्यास लेथवर करून घेता येते, चांगल्या टर्नरला हे अवघड नाही. फक्त धातू किंवा प्लास्टिक कोणतं ते आपण ठरवून सांगा. टर्नरकडे नायलॉनचा रॉड हमखास पडलेला असतो आणि तो तेच सुचवतो. नायलॉन पाणी पितो, फुगतो आणि कप्पी पिनेवर घट्ट बसते. पॉलिएस्टर दोरासाठी डेलरिन, म्हणजे अॅसिटल, घ्या. जास्त ताणाच्या डायनीमासाठी ब्राँझच्या बुशवर अॅल्युमिनियमची कप्पी बरी. व्यासाची मात्र चिंता नको. वायरला तिच्या जाडीच्या वीसपट व्यासाची कप्पी लागते, पॉलिएस्टर आणि डायनीमाला आठपट पुरते. वायरसाठी बसवलेली कप्पी दोरासाठी ऐसपैसच असते.

पीनही काढून बघा. वर्षानुवर्षं एकाच बाजूने ताण सोसून तिला खड्डा पडलेला असेल तर नवी कप्पी त्यावर गोल फिरणार नाही. ग्रीस लावू नका, त्यात मीठ आणि धूळ बसून लेप तयार होतो. कोरडा टेफ्लॉन फवारा पुरे.

कोणता दोर

निव्वळ ताकद हा इथे प्रश्नच नाही. ५ मिमीची ७ गुणिले १९ वायर सुमारे १७०० किलोला तुटते, १० मिमीचा साधा पॉलिएस्टर त्याहून मजबूत. निवड ठरते ती लांबण्यावर, हाताच्या पकडीवर आणि क्लचच्या जबड्यावर.

बंदरातल्या बंदरात, सुटीच्या दिवशी फेरी मारणाऱ्या बोटीच्या मोठ्या शिडाला दुहेरी विणीचा पॉलिएस्टर चालतो. वारा वाढला की विंचचे दोन दांडे मारायचे, झालं. डायनीमा नसला तर बोट चालत नाही असं विकणारे सांगतील, त्यात तथ्य नाही. गोल्डन ग्लोब या एकट्याने जग फिरण्याच्या शर्यतीत १९६८ च्या तंत्राचा आग्रह असतो आणि केव्हलार, स्पेक्ट्रा (डायनीमासारखाच तंतू) यांसारख्या तंतूंना मनाई आहे. २०१८ मध्ये अभिलाष टॉमी त्यात गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले होते.

गुंडाळीच्या जिबची, म्हणजे गुंडाळून ठेवायच्या पुढच्या शिडाची, गोष्ट वेगळी. ती महिनोन्महिने चढवलेलीच राहते, हॅलयार्डवर सतत ताण असतो आणि पुढचा काठ सैल पडला तर गुंडाळी नीट होत नाही. तिथे डायनीमाचा गाभा आणि पॉलिएस्टरचं आवरण असलेला ८ किंवा १० मिमी दोर घ्या. डायनीमाला एक खोड आहे: सतत ताणाखाली तो कायमचा, कणाकणाने लांबत जातो. एसके७८ प्रकारात हे कमी असतं. बोट उभी करून जाताना हॅलयार्ड थोडी ढिली केली की प्रश्न राहत नाही.

आवरण लागतं ते तीन कारणांसाठी. नुसता डायनीमा साबणासारखा निसरडा असतो, क्लच त्याला धरत नाही आणि तो १५० अंशांच्या आसपासच वितळतो, त्यामुळे विंचवर सरसर सोडला तर घर्षणाने भाजतो. पॉलिएस्टर अडीचशे अंशांपर्यंत टिकतो.

ज्यांना कप्पी बदलणं खरोखरच शक्य नाही त्यांच्यासाठी एक मधली वाट आहे. वायरच्या जागी तेवढ्याच जाडीचा, बारा पेडांचा नुसता डायनीमा घ्यायचा आणि खालच्या भागात त्यावर पॉलिएस्टरचं आवरण चढवायचं. ५ मिमी डायनीमा वायरपेक्षा मजबूत असतो आणि वायरच्या खोबणीत मावतो. अट एकच. खोबण आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायची. ती खरखरीत ठेवली तर हा उपाय साध्या दोरापेक्षा लवकर फसतो, कारण तंतूंवर आवरणच नसतं.

वजन वाचतं म्हणतात, तेही तपासून घ्या. ५ मिमी वायर मीटरला ९७ ग्रॅमच्या आसपास भरते, १० मिमी पॉलिएस्टर सत्तर-ऐंशी ग्रॅम. वाचलं ते पावशेराच्या आसपास. ८ मिमी डायनीमा घेतला तर निम्म्याहून जास्त वाचतं आणि ते शेंड्यावरचं वजन असल्याने बोट कलण्यात थोडा फरक पडतो.

किती लांब

जुन्या हॅलयार्डवरून माप घेऊ नका. आधीच्या मालकाने ती कुठे आणि किती छाटली असेल याचा भरवसा नाही. वरच्याच बोटीचं गणित: वर-खाली मिळून २२ मीटर, कॉकपिटपर्यंत ५, विंचवर तीन वेढे घेऊन हातात धरायला ३, आणि फासा विणायला व पुढे टोक छाटायला १. एकूण ३१ मीटर. हॅलयार्ड डोलकाठीपाशीच बांधत असाल तर २६ पुरतात.

ओढून घेण्याचं काम

लेंग्याची नाडी निसटली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथली नाडी ११ मीटर उंच आहे. म्हणून जुनी हॅलयार्ड बाहेर काढताना तिच्या मागोमाग एक पातळ दोरी आत जाते आणि त्या दोरीने नवा दोर आत येतो. ही वाटाड्या दोरी ३ मिमीची, किमान २५ मीटर लांब घ्या.

आता नेमकी चूक कुठे होते ते बघा. बहुतेक लोक वाटाड्या खालच्या, दोराच्या टोकाला बांधतात आणि शॅकलच्या टोकाने सगळं ओढू लागतात. वायर वरून सुखरूप खाली येते, मग वायर-दोराचा जाड सांधा वायरच्या अरुंद कप्पीवर पोचतो आणि तिथेच रुतून बसतो. रोजच्या वापरात तो सांधा कप्पीवरून कधी जातच नाही, त्यामुळे हे आधी लक्षात येत नाही. उलट दिशेने काढा.

शॅकल काढून वायरचा फासा आणि त्यावरची नळी वायरकटरने छाटा. छाटलेल्या टोकावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, नाहीतर ते काठीच्या आत विजेच्या तारांना ओरखडे काढेल. वाटाड्याचं टोक वायरवर वीस सेंटिमीटरभर ठेवून त्यावर मेणाच्या दोऱ्याने तीन ठिकाणी करकचून आवळा, वर पट्टीचं सुळसुळीत वेष्टण द्या. वाटाड्याचं दुसरं टोक रेलिंगला बांधा. हे विसरलात तर नाडीची गोष्ट आठवेल. मग खालून, दोराच्या बाजूने, सावकाश ओढा. एक जण वर बघत राहील, एक ओढेल. कुठे अडलं तर जोर लावू नका, दोन हात मागे घ्या आणि पुन्हा ओढा. वायर खालच्या खाचेतून बाहेर आली की वाटाड्या काठीतून गेलेला असतो.

एका वेळी एकच हॅलयार्ड काढा. दोन वाटाडे एकदम आत सोडले की ते आतल्या आत एकमेकांना पीळ घालतात आणि ते कळतं थेट शीड चढवताना.

कप्पी बदलायची असेल तर ती आता. डोलकाठी उतरवलेली असेल तर सोन्याहून पिवळं. मुंबईत समुद्रातल्या शिडाचा हंगाम ऑक्टोबर ते मे असतो आणि पावसाळ्यात बोटी बाहेर काढून ठेवतात, हे काम तेव्हाच करून घ्यावं. वर चढून करायचं असल्यास चढणारा माणूस दुसऱ्या, चांगल्या हॅलयार्डवर हवा आणि शिवाय सुरक्षेचा वेगळा दोर हवा. बसून वर चढायची खुर्ची शॅकलला अडकवू नका, दोराची थेट गाठ मारा. नवी कप्पी बसवताना वाटाड्या तिच्या वरून, खोबणीतून गेला आहे ना हे पीन ठोकण्याआधी बोट लावून बघा.

नवा दोर जोडताना गाठ मारायची नाही, गाठ कप्पीवरून जात नाही. नव्या दोराचं शेपटाचं टोक आणि शॅकलच्या बाजूला असलेलं वाटाड्याचं टोक समोरासमोर भिडवा. दाभणात मेणाचा दोरा ओवून दोन्हीकडे चार-चार सेंटिमीटर जाणारे सहा-आठ लांब टाके घाला, वर पट्टी निमुळती गुंडाळा. दोघांनी दोन टोकं धरून जोर लावून ताणून बघा. टाका उसवला तर आत्ताच उसवू दे. फासा विणलेलं आणि शॅकल बसवलेलं टोक बाहेर राहील अशा बेताने खालून ओढून घ्या.

शॅकलचा फासा विणलेलाच हवा. पॉलिएस्टरवर बोलाइनची गाठ मारली तरी तिसरा हिस्सा ताकद जाते. डायनीमावर अर्ध्याहून जास्त जाते आणि गाठ सरकतेही. नीट विणलेल्या फाशात नव्वद टक्के ताकद शाबूत राहते. शेपटाच्या टोकाला एक लहानसं शिवलेलं कडं ठेवा, पुढच्या वेळी वाटाड्या बांधायला.

वायरने मागे ठेवलेल्या खुणा

नवा दोर घालण्याआधी तो जिथे जिथे टेकणार त्या प्रत्येक जागेवरून जुनी नायलॉनची पायमोजी फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे दोर कापला जाणार. बुडाजवळची बाहेर पडायची खाच वायरमुळे करवतीसारखी झालेली असते, बारीक कानशीने कडा गोल करा. खाच अरुंद असेल तर १० मिमी दोराला १३ मिमी रुंदी द्या. नवीन खाच पाडायची तर तिची टोकं गोल ठेवा आणि दुसऱ्या खाचेच्या समोर, एकाच उंचीवर पाडू नका. काठी तिथेच मोडते.

विंचच्या ड्रमवर वायरचे वेढे पडत असत तिथे चरे असतात. हलके असतील तर घासून जातात. खोल असतील तर विंच बदला.

साठ-सत्तरच्या दशकातल्या काही बोटींवर वायर गुंडाळून ठेवणारी रीळ-विंच असते. तिच्यावर दोर चालत नाही आणि तिचा ब्रेक सुटला की दांडा गरगर फिरून मनगट मोडतो. ती काढून साधी विंच आणि दोर बांधायला क्लीट लावा. अॅल्युमिनियमच्या काठीत स्टेनलेसचे स्क्रू बसवताना टेफ-जेल किंवा लॅनोलिन लावा, नाहीतर दोन धातूंमधल्या गंजाने पाच वर्षांनी ते निघणार नाहीत.

क्लच आठ ते दहा मिमीचा असेल तर त्यात ८ मिमी दोर ताणाखाली सरकतो. दहाचा घ्या. आवरण धरून राहतं आणि आतला गाभा सरकतो असंही होतं. तेव्हा क्लचमध्ये येणाऱ्या भागात आवरण गाभ्याला शिवून टाका.

छोट्या डिंगीचा मामला निराळा. एंटरप्राइज किंवा ४२० या जातींच्या डिंगीवर जिबची हॅलयार्ड नुसतं शीड चढवत नाही, सगळ्या रिगिंगला (डोलकाठी तोलून धरणाऱ्या तारांना) ताण तीच देते. तिथे पॉलिएस्टर चालणारच नाही. ४ मिमी नुसता डायनीमा चालतो. फक्त आकड्यावर अडकवायचा फासा वायरच्या फाशापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड विणा, कारण विणीचे टाके पहिल्या ताणात बसतात आणि तेवढी लांबी परत येते. शर्यतीत उतरायचं असेल तर दोर घेण्याआधी त्या बोटीच्या वर्गाचे नियम वाचा.

मोठ्या बोटीवरही पहिल्या चार-पाच फेऱ्यांत नवा दोर थोडा लांबतो, वीण जागेवर बसेपर्यंत. क्लचपाशी पूर्ण चढलेल्या शिडाची खूण त्यानंतरच रंगीत दोऱ्याने शिवा. वर्षातून एकदा हॅलयार्ड काढून गोड्या पाण्यात भिजत घाला आणि शॅकलजवळचा हातभर भाग बोटांनी चाचपा. कप्पीवर रोज त्याच जागी वळून तो आधी कडक होतो, मग केसाळ. केसाळ दिसला की तेवढा छाटून फासा नव्याने विणायचा. लांबीत एक मीटर जास्त धरला तो यासाठीच.